विश्लेषण : लवासातील घरखरेदीदारांची ‘स्वतःची निवड’ किती खरी होती?

सरकारने खासगी उद्योगांच्या कारभारात किती लक्ष घालावे, हा वाद जुना आहे. ‘ग्राहक सुजाण आहे, त्याने पाहून-पारखून करार केला आहे, मग सरकारने मध्ये का पडावे,’ असे एक बाजू म्हणते. ‘मोकळे सोडले तर कंपन्या सामान्य माणसाला नाडतील,’ असे दुसरी बाजू म्हणते. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात उभ्या राहिलेल्या, किंबहुना अर्धवट राहिलेल्या लवासा प्रकल्पात या दोन्ही दाव्यांची परीक्षा झाली. तेथे घर घेणाऱ्यांवर कोणी सक्ती केली नव्हती. तरीही शेकडो कुटुंबांचे पैसे वर्षानुवर्षे अडकून पडले. असे का झाले, नियमन जास्त झाल्यामुळे की ते नको तेथे नसल्यामुळे, याचा हा आढावा.

लवासा प्रकल्प नेमका काय होता?

राज्य सरकारने १९९६ मध्ये नवीन गिरिस्थाने विकसित करण्यासाठी नियमावली आणली. ब्रिटिशांनी वसवलेल्या महाबळेश्वर, माथेरान, लोणावळ्यावरील भार कमी व्हावा आणि डोंगराळ भागात खासगी गुंतवणूक यावी, हा त्यामागचा विचार. २००१ मध्ये मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतील १८ गावांचा परिसर गिरिस्थान म्हणून अधिसूचित झाला. मोसे नदीवरील वरसगाव धरणाच्या जलाशयाभोवती, दासवे-मुगावच्या डोंगरउतारांवर खासगी शहर वसवण्याची योजना लवासा कॉर्पोरेशनने आखली. ही हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची उपकंपनी. रस्ते, पाणी, घरे, हॉटेले, शिक्षणसंस्था हे सगळे खासगी कंपनी उभारणार आणि तीच ते चालवणार, असे या शहराचे स्वरूप होते. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीयांनी आणि परदेशस्थ मराठी कुटुंबांनीही तेथे घरे नोंदवली.

नियमन कोणाच्या हाती होते?

खरी मेख येथे आहे. २००८ मध्ये राज्य सरकारने महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली लवासाला ‘विशेष नियोजन प्राधिकरणा’चा दर्जा दिला. एखाद्या गावात घर बांधायचे तर नकाशा मंजूर करून घेण्यासाठी ग्रामपंचायत, नगररचना विभाग किंवा महापालिकेकडे जावे लागते. नकाशा नियमात बसतो का, रस्ता पुरेसा रुंद आहे का, बांधकाम पूर्ण झाले का, हे बांधणाऱ्याहून वेगळ्या यंत्रणेने तपासावे, हा त्यामागचा हेतू असतो. लवासात हे अधिकार विकासकाच्याच पंखाखालील प्राधिकरणाकडे गेले. सामना खेळणाऱ्या संघाकडेच पंचाची शिट्टी देण्यासारखा हा प्रकार होता.

याचा ग्राहकाच्या निवडीशी थेट संबंध आहे. खरेदीदार ‘मंजूर नकाशा’ पाहतो, तेव्हा त्याच्या मनात एक गृहीतक असते, की कोणीतरी तिऱ्हाइताने तो तपासला आहे. दगडमातीचा उतार बांधकामाला योग्य आहे का, पर्यावरण परवानगी पुरेशी आहे का, हे त्याला स्वतःला तपासता येत नाही. तो शिक्क्यावर विश्वास ठेवतो. शिक्का आणि विक्री एकाच घरातून होत असेल, तर त्या विश्वासाचा पायाच निघून जातो. हा दर्जा अखेर २०१७ मध्ये काढून घेण्यात आला आणि अधिकार पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे पीएमआरडीएकडे, गेले. तोवर नऊ वर्षे उलटली होती.

२०१० मध्ये काम का थांबले?

प्रकल्पाच्या २००० हेक्टरला राज्य सरकारने २००४ मध्ये पर्यावरण मंजुरी दिली होती. मात्र अशा प्रकल्पाला केंद्राची मंजुरी आवश्यक होती, असे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचे म्हणणे. जयराम रमेश मंत्री असताना नोव्हेंबर २०१० मध्ये मंत्रालयाने कारणे दाखवा नोटीस बजावून काम ‘जैसे थे’ ठेवण्यास सांगितले. आपले काम १००० मीटरपेक्षा कमी उंचीवर असल्याने केंद्राच्या मंजुरीची गरज नव्हती, असा कंपनीचा युक्तिवाद होता. जानेवारी २०११ मध्ये मंत्रालयाने बांधकाम अनधिकृत ठरवले. नोव्हेंबर २०११ मध्ये पहिल्या टप्प्याला अटींसह मंजुरी मिळाली. मधले वर्ष गेले. या खंडामुळे प्रकल्पाचे आर्थिक गणित कोलमडले, असे कंपनी सांगत राहिली.

या वादात मंत्रालय बरोबर की कंपनी, यावर मते वेगळी असू शकतात. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य व्हावी. केंद्राची मंजुरी लागते की नाही, हा प्रश्न पहिली वीट रचण्याआधी सुटायला हवा होता. घरे विकली गेल्यानंतर तो उपस्थित झाला, तेव्हा त्याची सर्वाधिक किंमत ज्यांनी मोजली, त्या खरेदीदारांचा या वादात काही संबंधच नव्हता. उशिरा जागे झालेले नियमन दोषी आणि निर्दोष यांना एकाच मापाने मोजते.

९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याचा वाद काय होता?

‘करार स्वेच्छेने झाला’ या युक्तिवादाची सर्वांत कठोर परीक्षा येथे झाली. लवासातील अनेक घरे विकण्याऐवजी ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्यात आली. पैसे मात्र जवळपास विक्रीइतकेच आणि आधी घेतलेले. भाडे होते वर्षाला नाममात्र एक रुपया. ठरलेल्या मुदतीत ताबा मिळाला नाही, तेव्हा काही खरेदीदार महारेराकडे गेले. रेरा कायद्याच्या कलम १८ नुसार ताब्याला विलंब झाल्यास पैसे व्याजासह परत मागता येतात.

कंपनीचे उत्तर होते, की हा विक्रीचा करारच नाही. आम्ही ‘प्रवर्तक’ नसून पट्टा देणारे आहोत. भाड्याने जागा घेणाऱ्याला रेरा कायदा ‘ग्राहक’ मानत नाही, म्हणून तो येथे लागू नाही. कागदावरचे शब्द पाहिले तर हा युक्तिवाद निराधार नव्हता. महारेराच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्यांनी तो मान्यही केला होता. अपिलीय न्यायाधिकरणाने मात्र निर्णय फिरवला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खरेदीदारांच्या बाजूने कौल दिला. ठरलेल्या रकमेपैकी ८० टक्क्यांहून अधिक पैसे घेऊन ९९९ वर्षांसाठी दिलेले घर ही प्रत्यक्षात विक्रीच आहे, तिला भाडेपट्टा म्हटल्याने कायद्याचे संरक्षण जात नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

करारावर सही खरेदीदाराचीच होती, पण त्यातील शब्द त्याने निवडले नव्हते. ‘विक्री’ऐवजी ‘पट्टा’ लिहिल्याने आपला परताव्याचा हक्क धोक्यात येईल, हे जिथे कायद्याच्या अधिकाऱ्यांमध्येही दुमत झाले, तिथे सामान्य खरेदीदाराला कसे उमगणार होते?

न्यायालयात जिंकून हाती काय आले?

फारसे काही नाही. निकालाला महिना होण्याआधीच, ३० ऑगस्ट २०१८ रोजी, राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने लवासाविरुद्धचा दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला. अशी प्रक्रिया सुरू झाली की कंपनीविरुद्धचे दावे आणि वसुली थांबते. महारेराच्या आदेशांचे दारही त्याबरोबर बंद झाले.

त्याच वर्षी जूनमध्ये दिवाळखोरी संहितेत दुरुस्ती होऊन घरखरेदीदारांना ‘वित्तीय धनको’ मानले गेले होते. म्हणजे बँकांच्या शेजारी त्यांना खुर्ची मिळाली. पण खुर्चीचा आकार दाव्याच्या रकमेवर ठरतो. लवासाच्या प्रक्रियेत मान्य झालेले एकूण दावे ६,६४२ कोटी रुपयांचे होते, त्यांतील ८३७ घरखरेदीदारांचे मिळून ४०९ कोटी. म्हणजे सुमारे सहा टक्के. जुलै २०२३ मध्ये डार्विन प्लॅटफॉर्म इन्फ्रास्ट्रक्चरची १,८१४ कोटींची योजना मंजूर झाली. पर्यावरण मंजुरी मिळाल्यापासून पाच वर्षांत घरे बांधून देण्याचे आश्वासन त्यात होते. पुढील बांधकामाचा प्रत्यक्ष खर्च मात्र खरेदीदारांनीच द्यायचा होता. ही योजनाही पुढे सरकली नाही आणि २०२४ मध्ये नव्याने प्रक्रिया सुरू करण्याची वेळ आली.

नियमनाला विरोध करणाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे का?

आहे, आणि ते नाकारून चालणार नाही. परवानग्यांच्या चकरा, त्यांतला विलंब आणि टेबलाखालचे व्यवहार यांमुळे घरांच्या किमती वाढतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. नियम जितके जास्त, तितकी अडवणुकीची संधी जास्त. राज्याच्या एका खात्याने हिरवा कंदील दाखवायचा आणि सहा वर्षांनी केंद्राच्या दुसऱ्या खात्याने लाल, ही कोणत्याही उद्योजकासाठी डोकेदुखीच आहे. शिवाय डोंगरात घर घ्यावे की शहरात, महाग घ्यावे की स्वस्त, उद्यान हवे की पोहण्याचा तलाव, हे ठरवण्याचा सरकारला अधिकार नाही. ती निवड ज्याची त्याची.

पण लवासात नियमांचा अतिरेक झाला, असे म्हणता येत नाही. उलट तेथे नियमांना वळसे घालण्याची वाट सरकारनेच तयार केली. गिरिस्थानांसाठी कुळकायद्यात २००५ मध्ये केलेल्या दुरुस्तीसह अनेक निर्णयांना जनहित याचिकेद्वारे आव्हान देण्यात आले. फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने या प्रकरणात राजकीय वजन वापरले गेल्याबाबत निरीक्षणे नोंदवली, परंतु याचिकेला झालेला विलंब आणि दरम्यान झालेले बांधकाम पाहता हस्तक्षेप करण्यास नकार दिला. म्हणजे येथेही उशीरच निर्णायक ठरला. हा मुक्त बाजार नव्हता. मुक्त बाजारात सरकार कोणाच्या खांद्यावर हात ठेवत नाही.

मुळशीला हा अनुभव नवा आहे का?

नाही. १९२१ मध्ये टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळातील शेतकऱ्यांनी मुळशी सत्याग्रह केला. तेव्हा १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन सरकारने खासगी कंपनीसाठी जमीन मिळवून दिली. जमीन विकायची की नाही, ही निवडच शेतकऱ्याला राहिली नाही. लवासात जमिनी खरेदीने घेतल्या गेल्या, तरी काही आदिवासी कुटुंबांच्या जमीन व्यवहारांबाबत तक्रारी झाल्याच. शतकाच्या अंतराने घडलेल्या या दोन्ही घटनांत सरकार तटस्थ नव्हते. ‘सरकार विरुद्ध स्वातंत्र्य’ अशी सरळ मांडणी मुळशीला म्हणूनच लागू पडत नाही. येथे प्रश्न सरकार कोणाच्या बाजूने उभे राहिले, हा आहे.

आज खरेदीदाराच्या हातात काय आहे?

हिंजवडी, माण, भूगाव, पिरंगुट या मुळशीच्या पट्ट्यात आज मोठ्या प्रमाणावर घरे विकली जात आहेत. २०१७ पासून लागू झालेल्या रेरामुळे परिस्थिती निश्चित सुधारली आहे. विकासकाला ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची मंजुरी, मुदत, बोजा आणि खटले पाहता येतात. जाहिरातीवरील क्यूआर कोड मोबाइलवर स्कॅन केला तरी ही माहिती उघडते. हे नियम कोणाचीही निवड हिरावून घेत नाहीत. निवड करण्यापूर्वी डोळ्यांसमोर काय असावे, एवढेच ते ठरवतात.

फटी अजूनही आहेत. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पांना रेरा नोंदणी लागत नाही. ‘फार्महाऊस प्लॉट’ म्हणून विकले जाणारे शेतजमिनीचे तुकडे बऱ्याचदा या चौकटीबाहेर राहतात. शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, हे विकणारा आधी सांगतोच असे नाही. अशा व्यवहारात सातबारा, झोन दाखला आणि बिनशेती आदेश स्वतः पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. शिवाय महारेराने परताव्याचा आदेश दिला तरी वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत महसुली थकबाकीप्रमाणे होते. तेथे आदेश अडकला, तर हक्क कागदावरच राहतो.

मग सरकारने काय करावे?

खासगी उद्योगाला नियोजनाचे सरकारी अधिकार पुन्हा कधीही देऊ नयेत. केंद्र आणि राज्याच्या परवानग्यांचा घोळ विक्री सुरू होण्याआधी संपवावा आणि त्यानंतर कंपनीला तिच्या गतीने काम करू द्यावे. कराराचा एकच सोपा, मराठीतील नमुना सक्तीचा करावा, म्हणजे ‘विक्री’चा ‘पट्टा’ होणार नाही. वसुलीचे आदेश किती दिवसांत अमलात आले, हे प्रत्येक जिल्ह्याने जाहीर करावे. आणि एखाद्या प्रकल्पात सरकारी यंत्रणेच्या चुकीने काम थांबले, तर खरेदीदारांचे हप्ते आणि व्याज यांचा भार कोणी उचलायचा, याचे उत्तर कायद्यात असावे. आज ते नाही. लवासात घर नोंदवलेल्या ८३७ जणांना या एका प्रश्नाचे उत्तर मिळाले असते, तरी त्यांची निवड इतकी महाग पडली नसती.