धैर्यधर घरी परतल्यावर

कोल्हापूरच्या खासबाग मैदानाला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह आहे. शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि परतल्यावर कुस्त्यांसाठी खासबाग बांधून घेतले. त्याच्या शेजारीच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर पुरे झाले, तेच पुढे केशवरावांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. एकीकडे शड्डू, दुसरीकडे नांदी. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती.

नट म्हणून केशवरावांचे नाव झाले ते 'शारदा' नाटकातल्या शारदेच्या भूमिकेने. पुढे त्याच नटाने 'मानापमान'मधल्या शूर सेनापती धैर्यधराचा पोशाख चढवला आणि प्रेक्षकांनी तोही डोक्यावर घेतला. खासबागेत पुरुषाची परीक्षा मातीत होई. शेजारच्या रंगमंचावर मात्र पौरुष हा एक पोशाखच होता, अंगावर चढवता येणारा आणि उतरवताही येणारा. हे आपल्या आजोबा-पणजोबांना कळत होते. आपल्याला कळते का, हा प्रश्न आहे.

युद्ध, देश आणि मर्दानगी यांची मोट मराठी रंगभूमीवर बांधली ती कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी. १९०७ चे 'कीचकवध' दिसायला महाभारतातले, पण कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, अपमानित सैरंध्री म्हणजे देश, सबुरी सांगणारा धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षकांना सांगावे लागत नव्हते. सरकारलाही लागले नाही. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. पाठोपाठ १९११ मध्ये 'मानापमान' आले. त्याच्या चाली कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांच्या. त्यात श्रीमंत भामिनी गरीब धैर्यधराला आधी झिडकारते आणि लक्ष्मीधराचा भित्रेपणा उघडा पडल्यावर शौर्याला वरते. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर एकत्र उभे राहिले, तेव्हा प्रेमकथेतला हा सेनापती स्वराज्याच्या कामी आला. त्यानंतर तीन महिन्यांत केशवराव गेले.

खाडिलकरांनी घालून दिलेला साचा असा: देश ही अपमानित स्त्री, पुरुष हा तिचा कैवारी आणि शत्रू पडला की पडदा पडायचा. गुलाम देशाला तो हवाच होता. पण तो अजून मोडलेला नाही. पहलगामच्या हत्याकांडानंतर ७ मे २०२५ च्या कारवाईला 'सिंदूर' हे नाव दिले गेले, तेव्हा पुसलेल्या कुंकवाचा अर्थ घराघरांत पोहोचायला क्षणही लागला नाही. गंमत अशी की, त्या कारवाईची माहिती देशाला द्यायला कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग या दोन स्त्रिया गणवेशात उभ्या होत्या. सैरंध्रीने भीमाला हाक मारण्याऐवजी स्वतःच रणवार्ता सांगावी, असा प्रवेश खाडिलकरांनी लिहिला नव्हता.

पण पडदा पडल्यानंतरचे काय? शत्रू पडला, धैर्यधर घरी आला, जेवायला बसला. पुढे?

अमेरिकन नाटकाने नेमका हा पुढचा प्रवेश लिहिला. आर्थर मिलरच्या १९४७ सालच्या 'ऑल माय सन्स'मध्ये रणांगण नाहीच. घराचे मागचे अंगण आहे. ज्यो केलर हा कुटुंबवत्सल कारखानदार विमानांचे सदोष भाग लष्कराला पाठवतो आणि एकवीस वैमानिक मरतात. हे केले कोणासाठी, तर पोरांसाठी! घर सांभाळणारा कर्ता पुरुष हा आदर्शच तिथे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. डेव्हिड रेबच्या १९७१ सालच्या 'स्टिक्स अँड बोन्स'मध्ये व्हिएतनामहून आंधळा होऊन परतलेला मुलगा घरच्यांनाच नकोसा होतो, कारण युद्धात काय झाले ते तो बोलतो. हे नाटक १९७३ मध्ये दूरचित्रवाणीवर यायचे होते. युद्धकैदी घरी परतत असतानाच्या त्या दिवसांत वाहिनीने ते पुढे ढकलले. अमेरिकनांनाही हा प्रवेश काही गोड लागला नव्हता.

त्यांना जमले ते आपल्याला का नाही? प्रतिभेची वाण होती असे नाही. वसंत कानेटकरांनी १९६२ च्या 'रायगडाला जेव्हा जाग येते'मध्ये शिवाजी महाराजांना बाप म्हणून घरच्या कलहात हतबल झालेले दाखवले आणि महाराष्ट्राने ते आपलेसे केले. मला कारण वेगळे वाटते. अमेरिकेत १९७३ पर्यंत सक्तीची सैन्यभरती होती. नाटकाला येणाऱ्या माणसाचा मुलगा, पुतण्या युद्धावर जाऊ शकत होता. आपल्याकडे भरती स्वेच्छेची. पोरे जातात ती शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीची, साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीची. गावाच्या नावातच फौज आहे. आणि नाटकाची तिकिटे काढणारा मध्यमवर्ग पुण्या-मुंबईच्या पेठांत आणि उपनगरांत. ज्याच्या घरून कोणी सीमेवर गेले नाही, त्याला शूर सेनापती पुरतो. परतलेला हवालदार लागत नाही.

म्हणून छत्रपतींच्या घरातला कलह आपल्या रंगमंचावर येतो, पण पेन्शनीत निघालेल्या सुभेदाराच्या घरातला सहसा येत नाही. वयाच्या चाळिशीत तो गावी परततो. बायकोने पंधरा वर्षे एकटीने शेत आणि म्हातारी सांभाळलेली असते. आता घरात दोन मालक झालेले असतात. मुलगा पुन्हा भरतीसाठी पहाटे धावतो आणि बापाला त्याचा अभिमान वाटावा की भीती, हे ठरत नाही. २०२२ पासून अग्निवीर योजनेत चार वर्षांनी बहुतेकांना परत यायचे आहे, म्हणजे तेविशी-पंचविशीतला 'माजी सैनिक' आता उंबऱ्याशी उभा राहणार. रेबला मिळाले त्याहून हे कथानक काही कमी नाही, फक्त ते सैनिक टाकळीच्या बोलीत लिहावे लागेल.

तोवर आपला धैर्यधर दिसतो तो एखाद्या बँकेच्या दाराशी, खांद्याला दुनळी बंदूक लावून. आपण पासबुक भरून घेऊन बाहेर पडतो, तो सवयीने सलाम करतो आणि आपण घाईत मान हलवून चालू लागतो.