लाडाचं नाव की टोमणा?

मुंबई-पुण्याच्या ऑफिसात म्हैसूरचा एखादा तरुण रुजू झाला की दोन दिवसांत त्याचं बारसं होतं. नाव ठरलेलं, 'अण्णा' नाहीतर 'मद्रासी'. विचारलं तर उत्तर तयार, 'अहो, प्रेमानं म्हणतो आम्ही!' पण ज्याला हाक मारली त्याला काय वाटतं, हे कुणी विचारलंय का?

आधी 'मद्रासी' घेऊ. म्हैसूर हे वडियार राजांचं संस्थान होतं, मद्रास इलाख्यातला जिल्हा नव्हे. १९५६ मध्ये कन्नड मुलूख जोडून मोठं म्हैसूर राज्य झालं आणि १९७३ मध्ये त्याचं कर्नाटक झालं. मद्रास राज्य १९६९ मध्ये तमिळनाडू झालं, मद्रास शहर १९९६ मध्ये चेन्नई. नकाशावरून मद्रास गेलं, आपल्या तोंडातून मात्र जात नाही!

'अण्णा'ची गोष्ट निराळी. कन्नडमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ. आपणही महर्षी कर्व्यांना आदरानं अण्णाच म्हटलं. शब्द गोडच आहे. पण नाव विचारायची तसदी न घेता दक्षिणेकडच्या प्रत्येकालाच 'ए अण्णा' म्हटलं की त्यातला भाऊ हरवतो.

आयर्लंडच्या लोकांचंही असंच झालं. पॅट्रिकला घरचे लाडानं 'पॅडी' म्हणतात, त्यात काहीच वावगं नाही. पण इंग्लंडमध्ये जॉन असो की मायकेल, आयरिश दिसला की 'पॅडी' म्हणू लागले. सोबत तो मूर्ख नि दारुडा असल्याचे विनोदही आले. मग ते नाव टोचणारच!

फार लांब कशाला? घाटावरचा तो घाटी, मूळ अर्थ एवढाच. तरी मुंबईत कुणी आपल्याला 'घाटी' म्हटलं की कान तापतात ना? आपल्याला सूर कळतो, तसा समोरच्यालाही कळतो.

म्हणून नवा सहकारी, शेजारी किंवा परप्रांतातली सून आली की आधी नाव विचारा. ते नीट उच्चारायला शिका. पुढे तोच म्हणाला, 'मला अण्णा म्हणा', तर खुशाल म्हणा. पण त्याचा चेहरा उतरला, तर 'गंमत केली' म्हणून त्यालाच हळवा ठरवू नका. घरात आपण बोलतो तेच शब्द मुलं शाळेत नेतात. तिथं शेजारच्या बाकावर बसलेलं पोर उलट बोलू शकत नाही, ते नुसतं गप्प होतं.