गुळवेल ओळखू येईल असा कॅमेरा



संघटनेच्या बैठकीत अलीकडे काष्ठौषधींच्या दरांखालोखाल एकाच प्रश्नाची चर्चा असते : आंतरजालावरील चित्रफितींसाठी कॅमेरा कोणता घ्यावा? कोणी पिक्सेलचे आकडे सांगतो, कोणी पुतण्याने परदेशातून आणलेल्या यंत्राची किंमत सांगून थांबतो. या मोहातून मी स्वतः गेलो आहे, म्हणून चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

काही वर्षांपूर्वी सिन्नर येथील माझ्या चिकित्सालयात मी गुळवेलीवर एक चित्रफीत तयार केली. कॅमकॉर्डर महागाचा होता आणि त्याची माहितीपुस्तिका एखाद्या संहितेवरील टीकेएवढी जाड. पंधरा दिवसांनी तालुक्यातील एक शेतकरी गृहस्थ पिशवी घेऊन आले. "डॉक्टरसाहेब, तुमचं बघूनच तोडून आणली. काढा कसा करायचा, तेवढं सांगा." पिशवीत कुंपणावरची वासनवेल होती. गुळवेलीच्याच कुळातील, परंतु गुळवेल नव्हे. सुदैवाने ते विचारायला आले.

त्या रात्री चित्रफीत पुन्हा पाहिली. मी पान हातात धरले होते खरे. परंतु कॅमेऱ्याने आपणहून माझा चेहरा स्पष्ट ठेवला होता आणि पान म्हणजे नुसता हिरवा डाग झाला होता. कांडाचे वर्णन करीत असताना नेमका नाशिक-पुणे रस्त्यावरील मालमोटारीचा भोंगा वाजला होता. त्या गृहस्थांना दोष देण्याचे कारण मला उरले नाही.

हा प्रमाद गुळवेलीच्या बाबतीत क्षुल्लक नाही. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांतील यकृतविकाराचा संबंध गुळवेल-सेवनाशी जोडला. आयुष मंत्रालयाने त्यास हरकत घेतली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया हीच जाती औषधात वापरावी, टिनोस्पोरा क्रिस्पा नव्हे, असे स्पष्ट केले. क्रिस्पाच्या करड्या कांडावर गाठी असतात, त्यातून दुधट चीक येतो आणि फुलाला तीन पाकळ्या असतात. आपल्या गुळवेलीला सहा. परंतु आपल्या गुळवेलीच्या सालीवरही पांढुरके उंचवटे असतातच. ते आणि क्रिस्पाच्या गाठी यांतील भेद प्रेक्षकाला दिसत नसेल, तर ते चित्रण आपल्या कामाचे नाही.

वनस्पती दाखवण्याची विद्या आपल्या जिल्ह्याला नवी नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि 'राजा हरिश्चंद्र'पूर्वी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली. हाताने फिरवण्याचे साधे यंत्र. पण कॅमेरा जागचा हलू न देता, थोडे थोडे चित्रण करीत त्यांनी महिन्याभराहून अधिक काळ ते काम केले. त्या मिनिटभराच्या चित्रपटामुळे त्यांना भांडवल मिळाले. आपण मात्र ट्रायपॉडचे पैसे वाचवून झूम विकत घेतो!

चरकाचार्यांनी द्रव्याच्या गुणांत योग्यत्व सांगितले आहे. तोच निकष येथे लावावा. माझ्या मते कॅमकॉर्डरमध्ये प्रथम पाहावी ती बाहेरचा माइक जोडण्याची सोय, कारण चित्र थोडे मंद असले तरी प्रेक्षक सहन करतो. मात्रा ऐकू आली नाही, तर अनर्थ होतो. दुसरे, फोकस हाताने स्थिर करता यावा. पान दाखवताना झूम मागे घेऊन कॅमेराच जवळ न्यावा; दूर उभे राहून झूम ताणल्यास जवळची वस्तू स्पष्ट होत नाही. डिजिटल झूमच्या मोठ्या आकड्यांस भुलू नये, तो केवळ चित्र ताणतो. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने कॅमेरा त्याच मापावर ठेवावा, अन्यथा ट्यूबलाइटखालील चित्र लुकलुकते. हे मला एका लग्नाच्या छायाचित्रकाराने सांगितले, माहितीपुस्तिकेने नव्हे. फाईल एमपी-४ स्वरूपात मिळाल्यास रूपांतराची कटकट टळते.

तथापि, बहुतेकांनी कॅमकॉर्डर घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. २००७ मध्ये आलेला 'फ्लिप' हा खिशातला कॅमेरा एका लाल बटणाच्या सोपेपणावर लोकप्रिय झाला, आणि २०११ मध्ये तो बंदही झाला. तेच काम तोवर मोबाईल करू लागला होता. आज चांगला मोबाईल, कॉलरला लावायचा माइक आणि ट्रायपॉड एवढ्यावर आपले काम भागते. पंचकर्माचे प्रदीर्घ चित्रण किंवा शिबिरातील दोन तासांचे व्याख्यान असेल, तरच कॅमकॉर्डरचा खर्च सार्थ ठरतो. रुग्ण चित्रात येणार असेल, तर त्याची लेखी संमती आधी घ्यावी.

औषधालयाच्या मालकांना एक विनंती. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्यातील 'जाहिरात' या शब्दाच्या व्याख्येत प्रकाश, ध्वनी वा धूर यांद्वारे केलेली घोषणाही येते. त्यामुळे 'मधुमेह मुळासकट बरा' असे कॅमेऱ्यासमोर म्हणणे हे भिंतीवर रंगवण्याइतकेच गुन्ह्याचे आहे, आणि भिंत पुसता येते. चित्रफीत शंभर मोबाईलवर गेलेली असते.

माझी ती जुनी चित्रफीत मी काढून टाकली. नवी मोबाईलवर, पहाटे रस्ता शांत असताना, परसातील कडुनिंबाखाली केली. गुळवेल आणि वासनवेल पांढऱ्या कापडावर शेजारी शेजारी ठेवल्या. वासनवेलीची पाने पाण्यात चोळली की पाणी गोठल्यासारखे घट्ट होते, तेही दाखवले. एकंदर चार मिनिटे. प्रसारित करण्यापूर्वी त्याच शेतकरी गृहस्थांना बोलावून आवाज बंद करून ती दाखवली आणि गुळवेल कोणती ते विचारले. त्यांनी दोनदा पाहिली आणि मग अचूक बोट ठेवले. "आधी असं का नाही दाखवलं?" असे मात्र त्यांनी विचारलेच.