विश्लेषण : परसबागेतली भाजी खरंच 'शुद्ध' असते का?

'घरची भाजी म्हणजे औषध न मारलेली, म्हणजे शुद्ध', असा आपला समज असतो. शाळांमध्ये आणि बचत गटांच्या पुढाकाराने परसबागा फुलत आहेत. शहरांत गच्चीवर, सोसायटीच्या मोकळ्या जागेत मेथी-पालक लावला जातो. पण कीटकनाशक नाही म्हणजे धोका नाही, असे होत नाही. माती आणि पाणी कुठले, हा प्रश्न त्याआधीचा आहे.

मंद्रूप परिसराचा याच्याशी काय संबंध?

मंद्रूपजवळून वाहणारी सीना सोलापूर शहराच्या कडेने येते आणि पुढे हत्तरसंग कुडल येथे भीमेला मिळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यातले सर्वाधिक ५३ महाराष्ट्रात होते आणि त्यात सीनेचा सोलापूर ते बंकलगी हा पट्टाही होता. पाण्यातील 'बीओडी', म्हणजे सेंद्रिय घाणीचे प्रमाण, लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर गेले की पट्टा या यादीत येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला आणि नदीकाठची शेतशिवारे पाण्याखाली गेली. पूर ओसरला तरी त्याने आणलेला गाळ मागे राहतो. त्या गाळात काय आहे, हे डोळ्यांना दिसत नाही.

शहरात धोका कुठून येतो?

मुंबईत लोकलमधून दिसणारे रुळांलगतचे भाजीचे वाफे हे जुने उदाहरण. रेल्वेच्या 'ग्रो मोअर फूड' योजनेतून कर्मचाऱ्यांना दिलेल्या जागांवर पालक, माठ, भेंडी पिकत आली. तिथे नाल्याचे पाणी वापरले जाते, ही तक्रार अनेक वर्षांची. त्याशिवाय वाहनांचा धूर, जुन्या रंगाचे पोपडे, भंगार, जाळलेला कचरा यांतून शिसे व कॅडमियम मातीत उतरते. शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० मध्ये बंद झाले, पण शिसे कुजत नाही. रस्त्याकडेच्या मातीत ते दशकानुदशके राहते.

जंतू आणि धातू यांत फरक काय?

सांडपाण्यातील जंतू आणि जंतांची अंडी पानांना चिकटतात. भाजी शिजवली की हा धोका बहुतांशी जातो. म्हणून खरी काळजी कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबीर, मुळा, काकडी, कांद्याच्या पातीची. कच्च्या खाण्याच्या पिकांना द्यायच्या पाण्यात १०० मिलिलिटरला १००० पेक्षा जास्त विष्ठाजन्य जिवाणू नसावेत, असा निकष जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये सांगितला होता. धातूंचे गणित उलटे आहे. पानावरची धूळ धुऊन जाते. पण पेशींत शिरलेले शिसे ना धुतल्याने जाते, ना उकळल्याने. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला त्याचा सर्वाधिक धोका असतो आणि शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळी माहीत नाही.

सोलापूरची काळी माती मदत करते का?

काही प्रमाणात. ही माती चिकण आणि अल्कधर्मी असल्याने धातू मातीच्या कणांना धरून राहतात, पिकात कमी जातात. पण तीच माती पावसाच्या शिंतोड्यांनी पानांवर उडते आणि वाऱ्याने धूळ होऊन बसते. पालेभाज्या आणि कंदमुळांना धोका जास्त. वांगी, टोमॅटो, मिरची यांना तुलनेने कमी.

मृद आरोग्य पत्रिका पुरेशी आहे का?

नाही. पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये असे १२ घटक तपासले जातात. शिसे आणि कॅडमियम त्यात नाहीत. 'माती उत्तम' हा शेरा पिकासाठी असतो, पोटासाठी नव्हे. धातूंची तपासणी प्रयोगशाळेत वेगळी सांगून करावी लागते.

मग करायचे काय?

जागेचा इतिहास आधी विचारावा : गॅरेज होते, भंगार होते की कचऱ्याचा ढीग? शंका असेल तर वाफे उंच करून बाहेरची चांगली माती भरावी. जमिनीवर पाचटाचे आच्छादन करावे, म्हणजे माती उडत नाही. नाल्याचे पाणी पालेभाज्यांना देऊ नये. पर्याय नसेल तर पाणी झाडाच्या बुडाशी द्यावे आणि काढणीआधी काही दिवस बंद ठेवावे. उन्हाने बरेच जंतू मरतात. शहरी कचऱ्याचे खत घेताना प्रमाणित आहे का, हे पाहावे. त्यात किलोला शिसे १०० आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. भाजी वाहत्या पाण्यात धुवावी, बाहेरची पाने टाकावीत, कंद सोलावेत.

परसबाग बंद करण्याचे हे कारण नाही. ताजी भाजी ताटात येणे हा फायदा मोठाच आहे. मात्र शाळेच्या बागेतली भाजी मुलांच्या पोटात जाते. तिथे बियाण्याच्या पाकिटाआधी माती-पाण्याचा अहवाल हातात असायला हवा आणि तो खर्च शाळेवर नव्हे, यंत्रणेवर असायला हवा.