कुरूप पिल्लू कुरूपच राहिले तर?

महाविद्यालयाच्या अंकात चार वर्षांच्या मुलांच्या चित्रपुस्तकांवर लेख कशाला, असे कोणी विचारील. पण आपल्यापैकी कित्येकजण उद्या शिक्षक होणार आहेत, आणि घरातल्या भाच्या-पुतण्यांचे शिक्षक तर आपण आजच आहोत.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात निपाणीजवळच्या एका खेड्यातील अंगणवाडीत आम्ही जात होतो. तेथे एक मुलगा होता. घरी कन्नड, गल्लीत मराठी. तहान लागली की तो "नीरु" म्हणे आणि सारी पोरे खो खो हसत. बाई रागावल्या, "कुणाला हसू नये!" पोरांनी एका सुरात "नाही हसणार" म्हटले आणि पुन्हा हसली. दुसऱ्या दिवशी तो पाणी मागेनासाच झाला. मुकाट्याने उठून माठापाशी जाई.

त्या दिवशी सहज बरोबर नेलेले, अक्षरे नसलेले एक चित्रपुस्तक आम्ही उघडले. पावसात भिजणारे कुत्र्याचे पिल्लू. एक मुलगी ओरडली, "कुत्रं!" तो हळूच म्हणाला, "नायी." चित्राखाली काहीच छापलेले नव्हते, त्यामुळे चूक कुणाचीच ठरली नाही. पुढे मांजर आले तेव्हा त्याच मुलीने त्याला विचारले, "ह्येला काय म्हंतोस?" "बेक्कु." झाले! "बेक्कु, बेक्कु" म्हणत पोरांनी अंगणवाडी डोक्यावर घेतली. आणि नेमका तेव्हा मी शहाणपणा केला. "मग मुलांनो, यातून आपण काय शिकलो?" सारी पोरे हाताची घडी घालून गप्प बसली.

इसापनीतीच्या शेवटच्या ओळीने आपल्याला लावलेली ही खोड आहे. गोष्ट झाली की तात्पर्य हवे! वस्तुतः भिजलेल्या पिल्लाकडे मूल हवा तेवढा वेळ पाहत राहते, त्यावर बोट फिरवते. दया उपजायची असेल तर ती तेथेच उपजते. आपण बोलू लागलो की ते चित्र सोडून आपल्या तोंडाकडे पाहू लागते.

दुसरी गोष्ट स्वतःला आहे तसे स्वीकारण्याची. त्यासाठी आपण हमखास अँडरसनची १८४३ सालची कुरूप पिल्लाची कथा सांगतो. गदिमांच्या गीतामुळे ती घरोघर पोचलीच आहे. मला ती प्रिय आहे, तरी एक शंका राहते. ते पिल्लू शेवटी राजहंस निघते म्हणून बरे. बदकच निघाले असते तर? काळ्या रंगाच्या, तोतऱ्या किंवा मिसळ भाषा बोलणाऱ्या मुलाला 'तू पुढे राजहंस होशील' असे सांगणे म्हणजे आज तू कमीच आहेस असे सांगणे नव्हे काय? याउलट मन्रो लीफ यांनी लिहिलेला आणि रॉबर्ट लॉसन यांनी चितारलेला १९३६ सालचा फर्डिनंड बैल पाहा. त्याला टकरी नकोत, झाडाखाली बसून फुलांचा वास हवा. आणि शेवटच्या पानावरही तो तसाच असतो. आपल्याकडे बेंदराला बैल सजवणाऱ्या मुलांना हा बैल परका वाटणार नाही. मराठीत माधुरी पुरंदरे यांचे 'राधाचं घर' आहे. लिहिणारा आणि चितारणारा हात एकच. त्यात कुणी राजकन्या नाही, घरातलीच माणसे आहेत.

सीमाभागाला तर ही सोय जुनीच होती. १९४७ साली तेलुगू-तमिळमध्ये सुरू झालेले मासिक पुढे कन्नडमध्ये 'चंदमामा' आणि मराठीत 'चांदोबा' झाले. चित्रकार शंकर यांचा विक्रम खांद्यावर वेताळ घेऊन दोन्हींत सारख्याच ऐटीत चाले. बदलत ती फक्त अक्षरे. ते मासिक आता बंद पडले आहे.

माझी सूचना साधी आहे. पुढील शिबिराला कुदळ-फावड्यांबरोबर चित्रपुस्तकांची एक पेटी न्यावी. पुस्तके महाग आहेत हे खरे. पण 'प्रथम बुक्स'ने २०१५ पासून 'स्टोरीवीव्हर'वर मराठी-कन्नड दोन्ही भाषांतील चित्रकथा विनामूल्य खुल्या केल्या आहेत, त्या छापून घेता येतील. वाचायला मात्र जोडीने जावे लागेल, एक मराठी विभागाचा आणि एक कन्नड विभागाचा. माझे स्वतःचे कन्नड अजून नीरु, नायी आणि बेक्कु एवढ्यावरच अडले आहे.