पॉप्लर नको, माणगा बांबू द्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पालघर

विषय : जळाऊ बायोमाससाठी नालासोपारा परिसरात स्थानिक बांबूची लागवड करणेबाबत.

महोदय,

आपल्याच जिल्ह्यात डहाणूला कोळशावर चालणारे 500 मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. अशा केंद्रांनी 2024-25 पासून कोळशात 5 टक्के बायोमास पेलेट मिसळावेत, असे केंद्र सरकारचे धोरण आहे. हा माल आणायचा कुठून? आमच्याकडे भाताचा पेंढा तबेल्यांना जातो, पालापाचोळा राबाला लागतो. म्हणजे जळण मुद्दाम पिकवावे लागेल.

जलद वाढणारे झाड म्हटले की पॉप्लरचे नाव निघते. यमुनानगरकडच्या गाळाच्या जमिनीत तो 5 ते 7 वर्षांत तोडणीला येतो, हे खरे. पण त्याला उत्तरेची कडक थंडी लागते आणि तिथेही त्याचे खोड मुख्यतः प्लायवूडला जाते. सुबाभूळही नको. बाएफ या संस्थेने 1970 च्या दशकात तिचा प्रसार केला, चाऱ्याला ती उपयोगी पडली. पण तिचे बी पडेल तिथे रुजते आणि मग आवरत नाही.

आमची मागणी माणग्याची आहे. बिनकाट्याचा, भरीव, कोकणातल्या बांधांवर लावला जाणारा हा बांबू. तीन-चार वर्षांनी पक्क्या काठ्या तेवढ्या काढायच्या. बेट जागेवर राहते, कोंब पुन्हा फुटतात. वन कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरचा बांबू कायद्याने वृक्ष राहिलेला नाही. अडचणही सांगून ठेवतो : बांबूच्या राखेत पोटॅश बरेच असते, त्याने बॉयलरमध्ये राख चिकटून बसते. मिश्रणाचे प्रमाण आधी प्रयोगशाळेत तपासून ठरवावे.

लागवड फक्त शेतांच्या बांधांवर आणि सरकारी पडीक जागेवर व्हावी. गास-निर्मळच्या बागायती वाड्या, खारफुटी आणि कळंब-राजोडी किनाऱ्यावरची सुरूची झाडे यांना हात लागता कामा नये. वाऱ्यासमोर सुरू उभा आहे म्हणून मागच्या वाड्या टिकतात. सरपणाच्या हिशेबात तो धरूच नये.

बांबूच्या जोडीला रस्त्याकडेच्या झाडांच्या छाटलेल्या फांद्या आणि नारळाच्या झावळ्या कचऱ्याच्या गाडीत न घालता वेगळ्या जमा कराव्यात. त्यासाठी नालासोपाऱ्यात एक चिपर यंत्र आणि पत्र्याची शेड पुरेल; ओला माल वाळल्याशिवाय कोणी विकत घेत नाही.

महापालिका, कृषी विभाग व डहाणू केंद्र यांची संयुक्त बैठक आपण मे महिन्यापूर्वी बोलवावी. रोपे पहिल्या पावसात जमिनीत गेली पाहिजेत, आणि खरेदीची लेखी हमी त्याआधी हवी. ती नसेल तर बांधावरची जागा कोणीही अडवणार नाही.

कळावे,
आपले विश्वासू,
नालासोपारा (पश्चिम) परिसरातील वाडीवाले शेतकरी व रहिवासी

प्रत : मा. आयुक्त, वसई-विरार शहर महानगरपालिका