बिनकामाचे पळणे

द्वितीय वर्ष, कला शाखा

आमच्या यवतमध्ये पहाटे कोणी पळताना दिसले की त्याला लोक एकच प्रश्न विचारतात, "भरती कधी हाय?" विचारण्यात वाईट काही नाही. शाळेच्या मैदानात, सोलापूर रस्त्याच्या कडेला, खडकवासल्याचे पाणी आणणाऱ्या कॅनॉलच्या भरावावर जी मुले-मुली पहाटे पळत असतात, ती जवळजवळ सगळी कोणत्या ना कोणत्या भरतीसाठीच पळतात. पोलीस भरतीला मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर. शिवाय दोघांनाही शंभर मीटर आणि गोळाफेक. सैन्यात जाऊ पाहणाऱ्यांचा हिशेब वेगळा. २०२२ साली 'अग्निपथ' योजना आली आणि बहुतेकांसाठी ती नोकरी चार वर्षांची झाली, तरी आमच्या मैदानावरची गर्दी ओसरलेली मला दिसली नाही.

मीही त्या गर्दीतलीच. बारावीनंतर वर्षभर आठशे मीटर पळत होते आणि ते तीन मिनिटांच्या आत आणले होते. मग एका दुपारी मैत्रिणीने मला भिंतीशी उभे केले आणि टेपने उंची मोजली. १५३ सेंटिमीटर. पोलीस शिपाई व्हायला मुलीची उंची १५५ सेंटिमीटर लागते. आम्ही पुन्हा मोजली. सकाळी माणूस थोडा उंच भरतो असे कोणीतरी सांगितले, म्हणून सकाळी उठल्या उठल्या मोजली. १५३ च भरली. दोन सेंटिमीटर म्हणजे बोटाचे एक पेरसुद्धा नव्हे. पण पळून पळून दम वाढतो, उंची वाढत नाही.

आण्णांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "पोलिसात घेत न्हाईत म्हनल्यावर आता पळायचं कशाला? कालिजाकडं बघ." त्यांचे चुकत नव्हते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. माझा प्रत्येक तास कशाच्या तरी कामी यावा, हा हिशेब ज्याने माझी फी भरली त्याने नाही मांडायचा तर कोणी मांडायचा?

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला नेहमीप्रमाणे जाग आली. पडून राहिले, पण पाय स्वस्थ बसेनात. तशीच उठले आणि कॅनॉलवर गेले. हातात घड्याळ नव्हते, कारण आता वेळ मोजून द्यायची कोणाला? आठशे मीटर कुठे संपतात ते मला झाडावरून ठाऊक होते. ते झाड मागे गेले आणि मी पळतच राहिले.

त्या सकाळी मला एक गोष्ट कळली. आठशे मीटर हे मुळी धाप लागण्याचेच अंतर आहे. वर्षभर मी रोज फक्त धाप लागेपर्यंत पळत होते आणि धाप लागली की थांबत होते. सावकाश पळत आणखी पुढे गेले, तर दोन-तीन किलोमीटरनंतर ती धाप आपोआप बसते. श्वास पावलांच्या ठेक्यात येतो. डाव्या हाताला उसाची पाती सळसळत असतात, दूरवर पुण्याकडे जाणाऱ्या गाडीचा भोंगा वाजतो, आणि आपण पळतो आहोत हेच काही वेळ लक्षात राहत नाही. वर्षभर पळूनसुद्धा मी कधी पळण्यापर्यंत पोहोचलेच नव्हते.

मग नाद लागला. नाद हा शब्द आपल्याकडे चांगल्या अर्थाने फारसा वापरत नाहीत; तमाशाचा नाद, पत्त्यांचा नाद, बैलगाडा शर्यतीचा नाद. माझी गणती त्यातच झाली. गंमत अशी की शास्त्रज्ञही आता जवळजवळ तेच म्हणतात. दूर पळाल्यावर जी धुंदी येते ती एंडॉर्फिन नावाच्या द्रव्यामुळे येते, असे पूर्वी सांगत. अलीकडचे संशोधन म्हणते, त्यात आपल्या शरीरातच तयार होणाऱ्या काही वेगळ्या द्रव्यांचा वाटा मोठा असावा, आणि त्या द्रव्यांचे गांजातल्या द्रव्याशी नाते आहे. हे मी घरी सांगितलेले नाही.

घरचा खरा विरोध मात्र नादाला नव्हता. आमच्या दौंड-शिरूर भागात उसात बिबट्या असतो, आणि ही भीती काल्पनिक नाही. उजाडण्यापूर्वी एकट्या मुलीने कॅनॉलवर जाऊ नये, हे मलाही पटते. पण सहा वाजता निघावे तर रस्त्यावर माणसे असतात, आणि मग दुसरी अडचण सुरू होते: "कुणाची गं ही? भरतीला हाय का?" भरतीचा शिक्का असला की मुलीचे पळणे, तिची ट्रॅकपँट, तिचे एकटीने जाणे-येणे सगळे माफ असते. शिक्का गेला की तीच मुलगी त्याच रस्त्यावर विनाकारण हिंडणारी ठरते. माझे रस्ते तेच होते, वेगही तोच होता. फक्त कारण काढून घेतले होते.

आणि हे 'कारण' आपण सगळ्यांनाच विचारतो का? तुकोबांची पालखी दरवर्षी लोणी काळभोरहून चालत येते आणि यवतला मुक्काम करते. त्या दिवशी गावात घरोघरी भाकरी थापल्या जातात आणि आलेल्या सगळ्यांना पिठले-भाकरी वाढली जाते. आण्णा दरवर्षी वाढायला उभे असतात. सत्तरी उलटलेल्या बायका दिवसभर चालून सुजलेल्या पायांनी पंगतीला बसतात. "एवढे चालून काय मिळते?" असे कोणी त्यांना विचारल्याचे मी कधी ऐकले नाही. मी हे आण्णांना म्हटले. ते म्हणाले, "ते देवासाठी असतंय." तेव्हा आजी, जी माउलींच्या सोहळ्यात सात वाऱ्या चाललेली आहे, ती मध्ये बोलली. वेळापूरजवळ धावा होतो. तिथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले अशी श्रद्धा आहे, म्हणून सगळे वारकरी तिथे उतारावरून पळतात. "म्या बी पळाले की," आजी म्हणाली, "आन् पळताना देवबिव काय ध्यानात न्हवता. नुसतं बरं वाटत हुतं."

आण्णांनी त्यावर उत्तर दिले नाही.

मॅरेथॉनचे नाव मी कॉलेजात ऐकले. आमच्या भागात पुढाऱ्याच्या वाढदिवसाला तीन किलोमीटरची शर्यत असली तरी फलकावर 'भव्य मॅरेथॉन' असेच लिहितात, त्यामुळे माझाही समज तसाच होता. खरे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. हा विचित्र आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधून आला. १८९६ साली अथेन्सला पहिली शर्यत झाली तेव्हा अंतर साधारण ४० किलोमीटर होते. ग्रीकांचा एक दूत मॅरेथॉनच्या रणांगणावरून विजयाची बातमी घेऊन अथेन्सपर्यंत पळाला आणि बातमी सांगून मेला, अशी तिची दंतकथा. ती आण्णांना सांगितली तर ते म्हणाले, "म्हंजी कामानंच पळाला की त्यो. आन् मेला वर."

पण मला सांगायची आहे ती गोष्ट ग्रीसची नाही, पुण्याची आहे. १९१९ साली डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा झाल्या. जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा त्या पाहत होते. लांब पल्ल्याला उतरलेली मुले बहुतेक शेतकऱ्यांची होती. अनवाणी पळत होती, शर्यतीचे युरोपातले नियम त्यांना माहीत नव्हते, शिकवणी तर नव्हतीच. तरी त्यांच्या वेळा पाहून टाटा चकित झाले आणि यांना ऑलिंपिकला पाठवले पाहिजे हा विचार तिथे निघाला. १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्पला जो हिंदी संघ गेला त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे दोघे मॅरेथॉनला उतरले. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुल्यांनी ती २ तास ५० मिनिटांत पुरी केली आणि एकोणिसावे आले. त्या वर्षीचे अंतर नेहमीपेक्षाही जास्त, पावणेत्रेचाळीस किलोमीटर होते.

याचा अर्थ, या देशाचे ऑलिंपिकमधले मॅरेथॉन पळणे ज्या मैदानावर सुरू झाले, तिथे आपल्यासारख्याच घरांतली मुले पळत होती. आज मात्र आपल्याकडे अशी वाटणी झाली आहे की शहरातल्या माणसाने आरोग्यासाठी, आनंदासाठी पळावे आणि खेड्यातल्याने नोकरीसाठी. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या ललिता बाबर, बीडच्या आष्टी तालुक्यातले अविनाश साबळे यांची नावे आपण अभिमानाने घेतो. पण तेही पदकांमुळे. ज्याला पदक मिळणार नाही आणि नोकरीही मिळणार नाही, त्याच्या पळण्याला आपल्या भाषेत नावच नाही.

गरजेने पळणाऱ्याला मी कमी लेखते असे कोणी समजू नये. आमच्यापासून पालखीच्याच वाटेवर पुढे बारामती आहे. तिथे २०१४ साली लता भगवान करे ही साठी ओलांडलेली बाई नऊवारी नेसून, अनवाणी पळाली आणि ज्येष्ठांची शर्यत जिंकली. तिला नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे हवे होते. पुढे तिच्यावर चित्रपट निघाला. मला तो प्रसंग आठवला की अभिमानाच्या आधी राग येतो. एखाद्या म्हातारीला तपासणीच्या पैशांसाठी पळावे लागते, आणि आपण टाळ्या वाजवून घरी जातो.

आमच्या मैदानावरची एक मैत्रीण भरतीत निवडली गेली. तिच्या घराचे भले झाले. मला मनापासून आनंद आहे. सुट्टीवर आली तेव्हा मी विचारले, "सकाळी येतेस का कॅनॉलवर?" ती हसली. "आता कशाला? झालं ना काम." जी मुलगी दोन वर्षे रोज पहाटे उठली, तिने निकालाच्या दिवसापासून एक पाऊल पळलेले नाही. मला त्या दिवशी तिच्याबद्दल नव्हे, आपल्या सगळ्यांच्या शिक्षणाबद्दल वाईट वाटले. आपण कविता गुणांसाठी वाचतो, निकाल लागला की पुस्तक विकतो. आपल्या कॉलेजातसुद्धा शर्यतीला नाव तोच देतो ज्याला नंबर येण्याची आशा असते. बाकीचे दोरीमागे उभे राहतात. प्राध्यापकांना माझी विनंती आहे की वर्षातून एकदा तरी एक शर्यत अशी ठेवा, जिच्यात नंबर नाहीत आणि वर्गातले सगळे पळतील. आणि मैदान सकाळी सहाला मुलींसाठी उघडे ठेवा, भरतीला बसणाऱ्या असोत वा नसोत.

गेल्या डिसेंबरात मी पुण्याच्या आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनमध्ये पूर्ण अंतर पळाले. ही शर्यत १९८३ पासून भरते. प्रवेशाचे पैसे मी दिवाळीच्या सुट्टीत एका गुऱ्हाळावर हिशेब लिहून मिळवले होते. आदल्या रात्री हडपसरला मावशीकडे राहिले. अंधारात सणस मैदानाशी पोहोचले तेव्हा इतकी माणसे पाहून मी घाबरले. माझ्यापेक्षा दुप्पट वयाचे, पोट सुटलेले, चष्मेवाले, साठीतल्या बायका. यातल्या फार तर पाच-पन्नासांना जिंकण्याची आशा असेल. बाकी सगळे माझ्यासारखे बिनकामाचे! एवढे बिनकामाचे लोक एका जागी मी प्रथमच पाहिले.

पहिले वीस किलोमीटर कॅनॉलसारखे गेले. लोक कसल्या कसल्या पुड्या फोडून खात होते; माझ्याजवळ गुऱ्हाळावरचा गूळ आणि शेंगदाणे होते. तिसाव्या किलोमीटरनंतर, सिंहगड रस्त्यावर, पाय एकाएकी लाकडाचे झाले. शरीरात साठवलेली साखर साधारण तिथेच संपत येते, हे मी वाचले होते, वाचणे वेगळे. चौतिसाव्याला मी दुभाजकाला धरून उभी राहिले आणि रडले. तेव्हा मनात जो आवाज आला तो आण्णांचा होता: "कशाला?" आणि मला उत्तर सुचेना. आजवर मी घरी जेवढे वाद घातले त्यातला एकही मुद्दा त्या वेळी उपयोगी पडला नाही. मागून येणारे एक पांढऱ्या केसांचे काका म्हणाले, "बसू नको बाळ, चालत राहा." मी चालले. मग थोडी पळाले. मग पुन्हा चालले. ५ तास ३८ मिनिटे लागली. चौगुल्यांच्या दुपटीला थोडे कमी.

घरी आल्यावर दोन दिवस जिना उतरता येईना. आईने कोमट तेल लावून पाय चोळले आणि शिव्याही दिल्या. आण्णांनी पदक हातात घेऊन उलटे-पालटे करून पाहिले. "किती जन हुते?" "हजारो." "आन् समद्यांना दिलं ह्ये?" "पुरं पळाले त्या सगळ्यांना." त्यांनी ते परत माझ्या हातात ठेवले. हा काय प्रकार आहे, हे त्यांना कळले नाही असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

तिसऱ्या दिवशी पावणेपाचला जाग आली.

हा लेख लिहिते आहे तो शनिवार. उद्या कासुर्डीच्या बाजूला लांब पळायचा विचार आहे. मघाशी आण्णा रानातून आले आणि माझ्याकडे न बघता आईला म्हणाले, कॅनॉलच्या कडेचा ऊस तुटून गेलाय, आता रान मोकळं हाय, सहाच्या आधी निघालं तरी चालंल.